दोष ट्रेलरचाच

३ मार्च, सोमवार

नवी वही आणली. रेघांची मागितली, दुकानदारानं कोरी गळ्यात मारली. आत एक रेघ नाही. परत करणार होते, पण तोवर लिहायला बसले. असू दे. चार इयत्ता शिकले आहे, ओळ सरळ ठेवायला मला आधार लागत नाही.

आज रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावर, पुन्हा शोभा झाली. जुना धक्का पाडल्यापासून होडी पाण्यात ठेवून जाऊ देत नाहीत. जाळी ओढून झाली, मासे हॉटेलवाल्याला पोचले, की होडी बाहेर काढून घरी न्यायची. मुलगा जीप उलटी घेत मागं जोडलेला ट्रेलर पाण्यात ढकलतो. मी होडी चालवत आणून त्याच्यावर चढवायची. ट्रेलरला मागं दोन लोखंडी खुंट आहेत, गुडघ्याएवढे. होडीनं त्यांच्या मधून आत यायचं. आता ट्रेलर पाण्यात गेला की खुंटही पाण्यात. मधून म्हणजे नक्की कशाच्या मधून, ते ज्यानं बनवला त्यालाच विचारायला हवं.

डावा खुंट लागला. मग उजवा. मग होडी आडवी. मागं रांग, हॉर्न. रॅम्पचा राखणदार आला. त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती तोंडातून निघत नाही. म्हणाला, आजी, आणखी एकदा अशी धडकाधडकी केलीत तर पास काढून घेईन. मी म्हटलं, पास घे आणि हे खुंटही घे, दात कोरायला होतील.

दोष ट्रेलरचा आहे. हे मी आज लिहून ठेवते.

४ मार्च, मंगळवार

जेवताना मुलानं विषय काढला. आई, एकदा डोळे दाखवून घेऊ. मी म्हटलं, डोळ्यांचा काय संबंध? लांबून येणारा माणूस मी चालीवरून ओळखते. सूनबाई म्हणाली, परवा विजेच्या खांबाला या जाऊबाई म्हणालात. मी म्हटलं, जाऊबाईही तशाच उभ्या असतात, न हलता, न बोलता.

मग खरं बाहेर आलं. मुलानं गिऱ्हाईक बघून ठेवलंय. जाड चष्म्याचा माणूस आहे, मी त्याला चारडोळ्या म्हणते. माझी होडी, माझ्या पाठीमागं. म्हणे, एक दिवस पाण्यात काही झालं तर मी काय करू. मी म्हटलं, रडायचं आणि कामाला लागायचं. तुझे वडील गेले तेव्हा मी तेच केलं.

घरात मला सगळे बसवतात. आई बसा, आजी बसा, तुम्ही बसा मी आणते. होडीत मला कुणी बसा म्हणत नाही. बसलं तर होडी चालवणार कोण? ही एवढी एक जागा उरली आहे, तीही विकायला काढली.

शेवटी सौदा झाला. रविवारी, २३ तारखेला, चारडोळ्या होडी बघायला येणार. त्याच्यासमोर मी एका दमात होडी ट्रेलरवर घालायची. खुंटाला धक्का नाही, पुन्हा मागं घेणं नाही. जमलं तर विकण्याचा विषय बंद. नाही जमलं तर इंजिनाची किल्ली मी माझ्या हातानं द्यायची आणि मुकाट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

मी लगेच हो म्हटलं. ट्रेलर सुधारून घेतला की झालं.

५ मार्च, बुधवार

वेल्डरकडे गेले. सांगितलं, हे खुंट काप आणि कमरेएवढे उंच पाइप लाव, म्हणजे पाण्यातून वर दिसतील. तो म्हणाला, कमरेएवढे कशाला, मांडीपर्यंत पुरतात, सगळ्यांचे तेवढेच आहेत. मी म्हटलं, सगळ्यांचं मला सांगू नकोस, सगळ्यांना अक्कलही तेवढीच आहे.

त्याच्या दुकानात फार अंधार. दिवसाढवळ्या. बल्बवर एवढी काजळी बसू द्यावी का माणसानं.

७ मार्च, शुक्रवार

पाइप बसले. कमरेएवढे. छान.

संध्याकाळ, त्याच दिवशी

उजवा पाइप वाकला. वारा आडवा होता. सूनबाई म्हणाली, वारा नव्हता, चहावाल्याच्या शेगडीचा धूर सरळ वर जात होता. म्हटलं, धूर जमिनीवर, मी पाण्यावर. तर म्हणते कशी, नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण ज्यानं काढली त्यानं ते अंगण जाऊन बघितलं होतं का? खरंच वाकडं असलं तर? बाईनं काय उताणं पडून नाचायचं?

खरं कारण मला सापडलंय. पाइपचा रंग. पाण्याचाही तोच. राखाडीत राखाडी. गरुडालाही दिसणार नाही.

९ मार्च, रविवार

पाइप सरळ करून घेतले. म्हटलं, रंगाच्या आधी अंतर बघून घेऊ. दोन पाइपांमधलं अंतर फार आहे, म्हणून होडी मध्ये भटकते. गाय दावणीला हवी, मैदानात नको.

होडीची रुंदी मोजली. टेप घेतली होती, पण हल्ली टेपवर आकडे मुंगीच्या पायाएवढे छापतात. सुतळी लावली. एका काठाला धरली, दुसऱ्या काठाला गाठ मारली. आमच्या आईनं अख्खं घर सुतळीवर बांधून घेतलं होतं. वेल्डरला सुतळी दिली, म्हटलं, एवढंच अंतर, बोटभरही जास्त नको. तो म्हणाला, आजी, होडी घासेल. मी म्हटलं, घासेल तर सरळ जाईल.

१० मार्च, सोमवार

होडी अडकली.

म्हणजे आत गेली, अर्धी. मग पुढं जाईना की मागं येईना. इंजिन ओरडतंय, जीपचा धूर, शिट्टी शिट्टी फुंकतोय. मुलगा छातीभर पाण्यात उतरून पाइप ओढतोय. थोरल्या जाऊबाई आपली होडी घेऊन मागं थांबलेल्या. आमच्या दोघींच्या होड्या एकसारख्या, दोघा भावांनी एकाच वेळी घेतलेल्या. फरक एवढाच की जाऊबाईंना सगळं जमतं आणि त्या ते बोलत नाहीत. न बोलता बघत राहतात. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

शेवटी एवढंच म्हणाल्या, धाकटे, बाटलीला बूच छान बसलंय.

सुतळी ओली होती. ओली सुतळी आटते. वेल्डरला कळायला हवं होतं.

११ मार्च, मंगळवार

पाइप पुन्हा लांब घेतले. वेल्डर नुसता हसला. हसायला पैसे पडत नाहीत म्हणून.

होडी घासू नये म्हणून पाइपांना गुंडाळायला काहीतरी हवं होतं. न्हाणीघराबाहेरचं जाड पायपुसणं होतं, नवंच. मधोमध कापलं, एकेका पाइपला बांधलं. फिट्ट.

१२ मार्च, बुधवार

पायपुसण्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही. पाय कोरडे ठेवायची एवढी हौस असेल तर माणसानं पाण्याजवळ घर घेऊ नये.

१३ मार्च, गुरुवार

आज वाईट झालं.

पायपुसणं पाणी पिऊन फुगलं. होडी डाव्या बाजूला चिकटली आणि तिथंच फिरली. मी इंजिनाचा जोर वाढवला. मुलगा पाइपला धरून उभा होता, होडी आणि पाइप यांच्या मध्ये. त्याचा हात. मला तो दिसला नाही, म्हणजे तो तिथं नको होता. तो ओरडला. हात वेळेवर काढला. होडी पाइपवर आदळली, त्याच जागी. पाइपचा आवाज अजून कानात आहे.

त्यानं हात पाण्यात धुतला, रक्त नव्हतं, नुसतं खरचटलं होतं. मग म्हणाला, आई, आता मी मध्ये उभा राहणार नाही. एवढंच.

शिट्टीनं पास मागितला. मुलानं त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. २३ तारखेच्या रविवारपर्यंत चालेल, असं शिट्टी म्हणाला. म्हणजे आता २३ तारीख चुकली तर घरूनही गेली आणि रॅम्पवरूनही गेली.

जेवण गेलं नाही. भाजीत मीठ कमी होतं.

१४ मार्च, शुक्रवार

होडी काढली नाही. गुडघा दुखत होता. सूनबाईनं विचारलं कुठला, मी डावा सांगितला. दुपारी पुन्हा विचारलं, तर उजवा सांगितला गेला. दोन्ही दुखू शकतात.

१५ मार्च, शनिवार

पायपुसणी काढून फेकली. नवा विचार केला आणि हाच पहिल्यापासून करायला हवा होता. पाइप उंच हवेत, माझ्या डोक्याएवढे. आणि पिवळे, भडक. आणि वरच्या टोकाला एकेक पांढरा प्लास्टिकचा डबा उपडा. म्हणजे काय बिशाद न दिसण्याची.

सूनबाई म्हणाली, आई, एवढ्या मोठ्या खुणा कुणाला लागतात, माहीत आहे ना? मी म्हटलं, विमानांना लागतात. विमानतळावर जाऊन बघ. वैमानिक आंधळे असतात का?

उठून भांडी घासायला गेली.

१७ मार्च, सोमवार

रंगवले. दोन हात दिले. अंगणभर पिवळे थेंब, जीपच्या दारावर थोडा, मांजरावर थोडा. मुलगा म्हणाला, हा ट्रेलर आहे की मांडव? मी म्हटलं, तू फक्त उलटी जीप चालवायची, मांडवात शिरायचं माझं काम.

सकाळी फार धुकं असतं हल्ली. सूनबाई म्हणते, धुकं नाही. ती उठते तोवर विरतं.

१८ मार्च, मंगळवार

जमलं!

एकाच दमात. पिवळे पाइप लांबूनच दिसले, दोन पिवळे पट्टे. त्यांच्या मधोमध नाक धरलं आणि गेले. होडीचं नाक ट्रेलरच्या पुढच्या रबरावर टेकलं, टक्. मुलानं विंचचा, म्हणजे होडी ओढून धरायच्या दोराचा, हूक लावला. शिट्टीनंही मान हलवली.

ट्रेलर सुधारला आणि काम झालं. मी ३ तारखेलाच लिहून ठेवलं होतं.

घरी आल्यावर सूनबाईनं विरजण घातलं. म्हणे, मी काठावर उभी राहून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या म्हणत होते म्हणून जमलं. मी ऐकलंसुद्धा नाही. म्हणजे ऐकलं, पण मी तिकडे आधीच वळत होते. आता श्रेय घ्यायला ही पुढं. म्हणून मुलाला बजावलं, रविवारी होडी ट्रेलरवर टेकेपर्यंत कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही. तू नाही, तुझी बायको नाही, शिट्टी नाही. कुणी बोललं तर माझं जमलेलं धरायचं. मुलगा म्हणाला, नक्की? मी म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.

१९ मार्च, बुधवार

आज पुन्हा जमलं असतं. समोरून ऊन आलं. सूर्याला काही म्हणता येत नाही. रविवारी सकाळी लवकर करू.

हल्ली गाड्यांच्या दिव्यांना भोवती गोल कडी बसवून देतात, ती नजरेला त्रास देतात. कुणाचं डोकं असेल कोण जाणे.

२० मार्च, गुरुवार

जाऊबाई स्वतःहून घरी आल्या. चमत्कारच. चहा घेतला आणि ट्रेलरभोवती फिरल्या. पाइपला हात लावून म्हणाल्या, धाकटे, कल्पना चांगली आहे गं.

मी आयुष्यात त्यांच्या तोंडून चांगली हा शब्द पहिल्यांदा ऐकला. लग्नात त्यांनी माझ्याकडे बघून सावळी असली तरी चालेल म्हटलं होतं, त्यानंतर आजच. विचारलं, तुमच्या ट्रेलरला लावायचे का? म्हणाल्या, लावले असते. मी उरलेले पाइप दिले, पिवळा रंग दिला, दोन पांढरे डबेही दिले. वेल्डरला निरोप धाडला, माझ्यासारखेच कर, तंतोतंत, काही कमी करू नकोस. जगाला कळू दे नक्कल कोणाची आहे ती.

२२ मार्च, शनिवार

जाऊबाईंचा ट्रेलर झाला. बघून आले. हुबेहूब. ओळखू येणार नाही इतका.

सूनबाई म्हणाली, आई, आपल्या पाइपला एक लाल फडकं बांधूया, वेगळा दिसेल. मी म्हटलं, रॅम्प आहे की वाळत घालायची दोरी? स्वतःचा ट्रेलर मी ओळखणार नाही? तो मी बनवलाय. आई आपलं पोर विसरते का?

ती म्हणाली, बरं. तिच्या बरं म्हणण्यात नेहमी काहीतरी राहिलेलं असतं.

उद्यासाठी: लवकर उठायचं. डब्यातून पोळी न्यायची. चारडोळ्याशी गोड बोलायचं, विकत घेता आली नाही म्हणून त्याला फार वाईट वाटू नये.

 

२३ मार्च, रविवार, सकाळी

किल्ली माझ्या हातात आहे. सुटणार नाही.

तोच दिवस, संध्याकाळी

क्रमानं लिहिते.

रॅम्पवर गर्दी. चारडोळ्या आला होता, बरोबर बायको. मुलगा, सूनबाई, शिट्टी, वेल्डरसुद्धा, रविवारचे स्वच्छ कपडे घालून, नाटकाला आल्यासारखा. मी होडी घेऊन पाण्यात एक मोठा फेरा मारला.  वळून काठाकडे नाक केलं.

पिवळं दिसलं. दोन पट्टे, वर पांढरे डबे. थोडं बाजूला आणखी पिवळं काहीतरी होतं, पण मी म्हटलं, आपल्याला इकडेतिकडे बघायचं नाही. सरळ गेले. वेग कमी केला. सगळा काठ गप्प झाला. एवढी शांतता त्या रॅम्पवर कधी ऐकली नव्हती. शिट्टीनं तोंडातली शिट्टी काढून हातात धरली, हे मला नंतर कळलं. मला वाटलं, धाक बसलाय सगळ्यांना. वेल्डरला खोकला आला, तो त्यानं गिळला. मी म्हटलं, बघा, शब्द पाळतायत.

पाइप डावीकडून गेला, उजवीकडून गेला. कशाला स्पर्श नाही. वीतभर जागा या बाजूला, वीतभर त्या बाजूला. असं माझ्या नवऱ्यालाही कधी जमलं नव्हतं. नाक रबरावर टेकलं, टक्. इंजिन बंद केलं.

मी उभी राहिले. दोन्ही हात वर केले. मोठ्यानं म्हटलं, बघितलंस ना? आता उभा काय राहिलास, हूक लाव.

कुणी हूक लावेना. पुन्हा म्हटलं, अरे, लाव ना.

मग मुलाचा आवाज आला. समोरून नाही. बाजूनं, बराच बाजूनं.

आई, मी इकडे आहे.

समोर जीपमध्ये जाऊबाईंचा मुलगा बसलेला, तोंड उघडं. मागून जाऊबाई आपल्या होडीत इंजिन चालू ठेवून तरंगत. म्हणाल्या, धाकटे, आता मी कुठं जाऊ?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हात मी बराच वेळ वरच ठेवले होते. खाली घ्यायचे लक्षात आलं नाही.

२४ मार्च, सोमवार

खुंटाला धक्का लागला नाही आणि होडी एका दमात चढली. सौद्यात कुणाच्या ट्रेलरवर ते ठरलं नव्हतं. हा मुद्दा मी सकाळी मांडणार होते.

मांडला नाही. मुलाच्या हाताचं खरचटलेलं अजून दिसतं. म्हणजे ते मला दिसत नाही. चहा देताना त्यानं दुसऱ्या हातानं दिला, त्यावरून कळलं.

किल्ली दिली. त्याला नाही, सूनबाईला. तिनं ती साखरेच्या डब्यात ठेवली आणि म्हणाली, डोळ्याचं ऑपरेशन झालं की इथूनच घ्या, मला विचारू नका. आधी उजवा करायचा, असं ती डॉक्टरांकडे परस्पर फोनवर ठरवून बसली होती. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

चारडोळ्याला होडी नको आहे. पाइप कुठून करून घेतले ते विचारत होता. त्यालाही हवेत.

शिट्टीनं पास ठेवलाय, काढून घेतला नाही. म्हणाला, डोळा होऊन या.

माझी होडी अजून जाऊबाईंच्या अंगणात, त्यांच्या ट्रेलरवर. त्यांची माझ्या. उतरवून अदलाबदल करायला कुणी तयार नाही. म्हणतात, एवढी नीट बसलेली होडी आजवर कुणी बघितली नाही, राहू दे.

दुपारी सूनबाईला या वहीचं मागचं कोरं पान दाखवलं, पुढची पानं हातानं दाबून. विचारलं, हे काय आहे.

तिनं माझं बोट धरून पानावरून फिरवलं.

रेघा आहेत म्हणे. निळ्या.